साखर खात नाही, तरी शुगर कशी?

ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट मी आईला फोनवर वाचून दाखवला. उपाशीपोटी १३८, तीन महिन्यांची सरासरी ७.४. पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "अरे, पण तू गोड खातोस कुठे? चहासुद्धा बिनसाखरेचा पितोस. लॅबवाल्यांनी नळ्यांची अदलाबदल केली असेल."

अदलाबदल नव्हती. पुन्हा रक्त दिलं, पुन्हा तेच. वय सत्तेचाळीस, उंची १७० सेंटिमीटर, वजन ६४ किलो. लग्नातला कोट खांद्यात अजून व्यवस्थित बसतो, फक्त पोटावरचं बटण लागत नाही. नातेवाईक मला "वाळलास रे" म्हणतात आणि दुसरा लाडू वाढतात. त्या न लागणाऱ्या बटणाकडे मीही कधी लक्ष दिलं नव्हतं.

आईची चूक नाही. आपल्याकडे आजाराचं नाव आणि डब्यातल्या जिनसाचं नाव एकच. "बाबांना साखर आहे", "काकूंची शुगर वाढली." त्यामुळे तोंडातून साखर गेली म्हणून रक्तात साखर आली, असा सरळ हिशेब डोक्यात बसतो. टाइप टू डायबेटिसमध्ये तो हिशेब जवळजवळ सगळाच चुकीचा आहे.

चमचाभर साखर

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर १०० आली, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम. पाच लिटरचा गुणाकार केला की होतात पाच ग्रॅम. एक चहाचा चमचा. सगळ्या अंगातल्या रक्तात मिळून, निरोगी माणसाकडे, एवढीच साखर फिरत असते.

आता नाश्त्याची बशी घ्या. बशीभर कांदेपोह्यांत चाळीसच्या वर ग्रॅम पिष्ट असतं, आणि पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. आतड्यात ती सुटते आणि तास-दोन तासांत सात-आठ चमचे ग्लुकोज रक्तात उतरतं. त्यात साखर घातली होती की नाही, हा प्रश्नच नाही. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातला तो एक चमचा फार तर दीड चमचा होतो आणि दोन तासांत जागेवर येतो. बाकीचे चमचे जातात कुठे?

मुख्यतः दोन ठिकाणी. एक, स्नायू: मांड्या, पाठ, दंड. जेवणानंतर आलेल्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. दुसरं, यकृत, म्हणजे लिव्हर. ते शंभरेक ग्रॅम साखर स्वतःकडे साठवतं आणि रात्री, आपण झोपलेलो असताना, थोडी थोडी रक्तात सोडत राहतं, कारण मेंदूला रात्रीही खुराक लागतो. या सगळ्या देवाणघेवाणीचा हुकूम देतं इन्सुलिन. ते स्वादुपिंडातल्या, म्हणजे पँक्रियाजमधल्या, बीटा पेशींत तयार होतं. जेवण आलं की इन्सुलिन स्नायूंना सांगतं, "उचला", आणि लिव्हरला सांगतं, "तू आता सोडणं थांबव, वरून येतंय."

टाइप वनमध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा बीटा पेशी मारून टाकते, हुकूम देणाराच उरत नाही. टोरांटोत १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी जे शोधलं आणि १९२२च्या जानेवारीत एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचलं, ते इन्सुलिन अशा रुग्णांसाठी अक्षरशः जीवदान होतं. टाइप टूची भानगड वेगळी. इथे हुकूम सुटतो, सुरुवातीला तर नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात सुटतो, पण ऐकणारे बहिरे झालेले असतात.

ते बहिरे का होतात, इथेच ते बटण येतं.

माळ्यावरचं सामान

जुन्या घरात माळा असतो. जादाचं सामान माळ्यावर जातं आणि खालचं घर मोकळं राहतं. शरीराचा माळा म्हणजे कातडीखालची चरबी. ती तशी निरुपद्रवी. रोज गरजेपेक्षा थोडं जास्त खाल्लं, की जादाचं तिथे जातं. पण प्रत्येकाचा माळा वेगळ्या मापाचा. कुणाचा एवढा ऐसपैस, की शंभर किलो वजनातही साखर ९०. कुणाचा इतका लहान, की साठीच्या घरातल्या वजनालाच भरून जातो. माळा भरला की सामान खाली यायला लागतं: आधी पलंगाखाली, मग स्वयंपाकघरात, शेवटी देवघराच्या दारात. शरीरात त्याचा अर्थ पोटाच्या आत, आतड्यांभोवती, मग लिव्हरमध्ये, आणि शेवटी स्वादुपिंडात.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाचे रॉय टेलर यांनी ही साखळी नीट मांडली. लिव्हरमध्ये चरबी साचली की ते इन्सुलिनचं "थांब" ऐकेनासं होतं आणि गरज नसताना साखर सोडत राहतं. माझं एक कोडं इथे सुटलं. रात्री भाजी आणि ताक, झोपताना साखर १२१. सकाळी काही न खाता १३८. रात्रभर कुणी चोरून खीर भरवली नव्हती. माझ्याच लिव्हरने ती भर घातली होती. वर पहाटे उठायच्या सुमारास शरीर स्वतःच काही संप्रेरकं सोडतं, तीही साखर वर ढकलतात.

साखर वाढली की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. जादा इन्सुलिन लिव्हरला आणखी चरबी बनवायला लावतं. ही चरबी रक्तातून फिरते, ट्रायग्लिसराइड वाढलेलं दिसतं, आणि तिचा काही भाग स्वादुपिंडात जाऊन बसतो. बीटा पेशींना ती मानवत नाही आणि त्या एकेक करून काम सोडायला लागतात. हे सगळं आत अनेक वर्षं चालतं. इतकी वर्षं रिपोर्ट "नॉर्मल" येत असतो, कारण स्वादुपिंड ओव्हरटाइम करत असतं. ज्या दिवशी त्याचा दम संपतो, त्या दिवशी आपण म्हणतो, "मला परवाच शुगर निघाली."

म्हणजे गोड खाण्याचा काहीच संबंध नाही? आहे, पण आडवळणाने. साखरेचं सरबत, मिठाई, बेकरीतला माल यांतून गरजेपेक्षा जास्त ऊर्जा फार सहज पोटात जाते आणि माळा लवकर भरतो. पण तेच काम तळलेलं, शेव-फरसाण आणि भाताचा तिसरा ढीगही करतो.

पुण्याची बाळं

वजन कमी असूनही आपल्याला हा आजार का होतो, याचा शोध ज्या शहरात लागला, तिथेच मी राहतो, आणि मला तो रिपोर्ट येईपर्यंत माहीत नव्हता. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा मजकूर छापला, स्वतःच्या फोटोसकट. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अगदी सारखा. मशीनमध्ये मोजलं तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच आकडा दाखवतो, पण एकाचं वजन स्नायूंचं आहे आणि दुसऱ्याचं चरबीचं. माझा स्वतःचा बीएमआय २२.१. त्या फोटोतल्या कुणासारखा मी आहे, हे सांगायला नको.

हे आपण आळशी आहोत म्हणून, असं वाटेल. पण याज्ञिकांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा गरोदरपणापासून अभ्यास केला आणि जन्मलेली बाळं मोजली. शेतात राबणाऱ्या, बेताचं खाणाऱ्या आयांची बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पुण्याचं बाळ जवळजवळ सगळ्याच बाबतीत लहान होतं: स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. फक्त कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. याला त्यांनी बारीक-पण-चरबीवालं बाळ म्हटलं. साखरेचं मोठं गिऱ्हाईक जन्मतःच बारीक, आणि पुढे याच बाळाला शहर, खुर्ची आणि भरलेलं ताट मिळालं की काय होणार, ते उघड आहे. त्याच अभ्यासात बऱ्याच आयांमध्ये बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व कमी निघालं. ज्यांच्यात बी-ट्वेल्व्ह कमी आणि फॉलेट (हेही एक जीवनसत्त्वच) जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त होती. आजाराची मुळं दोन पिढ्या मागे, कुणाच्या तरी दुष्काळात असू शकतात, ही गोष्ट मला अजून पूर्ण पचलेली नाही.

म्हणूनच आपल्याकडे वजनाची रेघ खाली ओढली आहे: बीएमआय २३च्या पुढे गेला की सावध व्हायचं. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर नको. माझी ९४ भरली. हेच ते बटण. शिंप्याची टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून मोजायचं. पोट आत ओढून मोजलं तर फसवणूक आपलीच.

बाकी कारणं थोडक्यात. आईवडिलांपैकी कुणाला असेल तर धोका वाढतो (माझ्या बाबांना आहे). वय, बैठं काम, अपुरी झोप, पीसीओएस (बायकांमधला संप्रेरकांचा बिघाड), स्टिरॉइडच्या गोळ्या. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईची बाळंतपणानंतर "गेली शुगर" म्हणून फाईल बंद होते, हे तर सर्रास घडतं. तिने खरं तर दर एक-दोन वर्षांनी तपासायला हवं, कारण पुढे टाइप टू होण्याची शक्यता तिला बरीच जास्त.

आणि हे किती पसरलंय? आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले: भारतात १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस, आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे गोव्यात चार मोठी माणसं जेवायला बसली तर त्यांतल्या एकाला.

"बॉर्डरवर आहे हो"

उपाशीपोटी १००च्या आत ठीक. १०० ते १२५ उंबरठा. १२६ आणि वर डायबेटिस. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४०च्या आत ठीक, २०० आणि वर डायबेटिस, मधलं उंबरठ्यावरचं. त्रास काही नसेल तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात.

तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ही थोडी गमतीची तपासणी आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते, जितकी साखर जास्त तितकी जास्त. मुरांब्यातल्या फोडीसारखं: किती पाक मुरलाय त्यावरून किती दिवस कशात होती ते कळतं. ५.७च्या आत ठीक, ६.५ आणि वर डायबेटिस. ७ म्हणजे सरासरी साखर १५४च्या आसपास. तपासणीच्या आदल्या दिवशी कारल्याचा रस पिऊन ती फसत नाही. पण रक्तच वेगळं असेल तर ती आपल्याला फसवते. लोह कमी असलेल्या बाईत ती खोटीच जास्त दिसू शकते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटाच कमी येऊ शकतो. गडचिरोली, नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात, जिथे सिकलसेल जास्त आढळतो, तिथे हे लक्षात ठेवूनच रिपोर्ट वाचावा लागतो.

आपल्याकडे "बॉर्डरवर आहे" हे वाक्य सुटकेच्या सुरात म्हणतात. पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवतात. वास्तविक खरी संधी इथेच असते. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेल्या चाचणीत, जी २००६ साली छापून आली, फक्त खाणं आणि चालणं सुधारल्याने डायबेटिस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. यात कुणाला फार बारीकही व्हावं लागलं नव्हतं.

एकादशी, दुप्पट खाशी

मी पहिल्या महिन्यात ग्लुकोमीटर घेतला आणि एखाद्या शाळकरी पोरासारखे प्रयोग केले. तज्ज्ञ म्हणतील याला काही शास्त्रीय मोल नाही, आणि घरचं मीटर पंधराएक टक्के इकडेतिकडे दाखवतंच. पण मला जेवढं त्या टोचण्यांनी शिकवलं, तेवढं तक्त्यांनी नाही.

आषाढी एकादशी. सकाळी ११६. मोठी वाटी साबुदाण्याची खिचडी, वर दाणे आणि दही. दोन तासांनी २१८. पुढच्या आठवड्यात, सकाळी ११९. आधी वाटीभर काकडीची कोशिंबीर, मग मटकीची उसळ, शेवटी एक ज्वारीची भाकरी. दोन तासांनी १५४. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात ना चोथा, ना प्रथिनं. आपण ज्याला उपवास म्हणतो, तो रक्ताच्या दृष्टीने सणाचा दिवस असतो. मग मी तीच भाकरी आधी आणि उसळ-कोशिंबीर नंतर खाऊन पाहिली. १७३. जिन्नस तेच, क्रम उलटा. भाज्या आणि प्रथिनं आधी गेली की जठरातून पिष्ट सावकाश पुढे सरकतं, आणि परदेशातल्या अभ्यासांतही हेच दिसलंय. आपल्या ताटात डावीकडे कोशिंबीर असतेच. फक्त ती शेवटी तोंडी लावायची वस्तू समजू नये.

भाकरीबद्दलही एक भ्रम सांगतो, चिडून सांगतो, कारण मी स्वतः त्यात होतो. "पोळी सोडली, आता भाकरीच" म्हणून मी तीन भाकऱ्या खायचो. भाकरीत चोथा जास्त, हे खरं, पण तीही पिष्टच. ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी, पाव भाग उसळ, वरण, दही, अंडी किंवा मासे यांनी भरला, की उरलेल्या पाव भागात एक भाकरी किंवा वाटीभर भात, एवढीच जागा राहते. शाकाहारी घरात प्रथिनं कमी पडतात, तिथे वरण पातळ करायचं नाही, घट्ट करायचं.

गूळ, मध, खडीसाखर, सेंद्रिय गूळ: रक्ताला यांतलं कुठलंच नाव वाचता येत नाही. शुगर-फ्री बिस्किटांत मैदा असतो. फळ अख्खं खावं, रस काढून नाही. आंब्याची एक फोड जेवणाच्या शेवटी खाणं आणि आमरसाच्या दोन वाट्या पुरीशी खाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेथी, कारलं, जांभूळ खा की, भाज्या आणि फळंच आहेत ती. पण "मुळापासून बरा" असं रिक्षामागे लिहिलेल्या पुड्यांवर भरोसा ठेवून गोळी बंद करू नका.

चालण्याचं गणित सोपं आहे. स्नायू हलत असताना साखर उचलतो आणि त्या वेळी त्याला इन्सुलिनच्या हुकुमाची फारशी गरज पडत नाही. हा मागचा दरवाजा आहे, आणि तो बहिऱ्या स्नायूंतही उघडतो. म्हणून सकाळी सहाला टेकडी चढणं चांगलंच, पण जेवल्यावर लगेच पंधरा मिनिटं सोसायटीत फेऱ्या मारणं त्या जेवणासाठी जास्त कामाचं. आणि माझ्यासारख्या बारीक माणसाला नुसतं चालून भागत नाही, गिऱ्हाईकच मोठं करावं लागतं. खुर्चीतून हात न लावता पंधरा वेळा उठणं, भिंतीला दंड काढणं, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या. आठवड्यातून दोन-तीनदा. लाज वाटते, पण दार लावून घेता येतं.

आणि माळा रिकामा करता येतो का? ब्रिटनमध्ये २०१७ साली डायरेक्ट नावाच्या चाचणीचे निकाल आले. सहा वर्षांच्या आत आजार निघालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी, मग हळूहळू नेहमीचं जेवण. वर्षाने ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय डायबेटिसच्या रेघेखाली होती. १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के. दोन वर्षांनी एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. वजन परत आलं की साखरही परत येते. मग टेलर यांनीच जाड नसलेल्या २० जणांवर तोच प्रयोग केला, आणि थोडं वजन उतरवून त्यांतल्या १४ जणांची साखर ताळ्यावर आली. डॉक्टर याला "बरा झाला" म्हणत नाहीत, "माघार" म्हणतात. गोळ्यांशिवाय किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५च्या आत राहिलं तर माघार. शब्द नेमका आहे: माघार घेतलेला परत येऊ शकतो. मी सहा किलो उतरवलं, कंबर ८८ झाली, एचबीएवनसी ६.३. एक गोळी अजून चालू आहे, आणि त्याबद्दल मला कमीपणा वाटत नाही.

गोळ्यांचं भांडण

ही गोळी मेटफॉर्मिन. फ्रान्समध्ये १९५७पासून माणसांत वापरात आहे, तिचं मूळ एका जुन्या औषधी वनस्पतीतल्या रसायनात. ती मुख्यतः लिव्हरला "पुरे" म्हणायला शिकवते. स्वस्त आहे, साखर एकदम खाली पाडत नाही. सुरुवातीला पोट बिघडवते म्हणून जेवणाबरोबर घ्यायची, आणि वर्षानुवर्षं घेतली तर बी-ट्वेल्व्ह कमी करते. शाकाहाऱ्यांत ते आधीच कमी, त्यामुळे पायाला मुंग्या आल्या की सगळं खापर साखरेवर न फोडता बी-ट्वेल्व्हही तपासून घ्यावं. ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर सोडतात, आणि हृदय व मूत्रपिंड जपतात हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. पाणी भरपूर प्यायचं आणि लघवीच्या जागेची स्वच्छता राखायची, नाहीतर बुरशी होते. आठवड्यातून एकदा घ्यायची नवी इंजेक्शनं भूक आणि वजन दोन्ही उतरवतात, खर्चाचा विचार करावा लागतो.

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला चाबूक मारतात: जेवण असो नसो, इन्सुलिन सोडच. हे आमच्या घरी कळलं एका संकष्टीला. बाबांनी सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि उपवास धरला. चंद्रोदय त्या दिवशी रात्री सव्वानऊला. संध्याकाळी सातला ते सोफ्यावर घामाने थबथबलेले, हात थरथरत, आणि आईवर विनाकारण ओरडत होते. माणूस असा चिडचिडला की आपण स्वभावाला दोष देतो. साखर होती ५४. आईने मोदकाचं ताट पुढे केलं; नारळ आणि तूप असलं की साखर रक्तात सावकाश जाते, त्यामुळे ते तेव्हा कामाचं नाही. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ८१. मग जेवण. ७०च्या खाली आकडा आला की हेच करायचं; माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, दवाखाना गाठायचा. संकष्टी, नवरात्र, रोजे, किंवा हल्ली आवडीचं झालेलं "दोनच वेळा जेवायचं", काहीही धरायचं असेल तर आधी गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून बदलून घ्यावं. गणपती समजून घेतो, गोळी समजून घेत नाही.

इन्सुलिन लागलं म्हणजे "आता शेवट" हा समज तर घरोघर. १९९७ साली संपलेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की आजार निघतो त्या दिवशीच बीटा पेशींचं निम्मं काम गेलेलं असतं आणि पुढे ते कमी होत जातं. वीस वर्षांनी कुणाला इन्सुलिन लागलं तर त्याने पथ्य मोडलं असा अर्थ होत नाही.

आणि हे सगळं करायचं कशासाठी, तर साखर दुखत नाही म्हणून. ती गुपचूप बारीक रक्तवाहिन्या खराब करते. डोळ्याच्या पडद्याला सूज येते तरी अक्षर स्पष्ट दिसत असतं, म्हणून बाहुली मोठी करून वर्षातून एकदा पडदा तपासायचा. मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला क्रिएटिनिनचा आकडा बिघडण्याआधी लघवीत प्रथिन जायला लागतं, म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे तेच प्रथिन, तपासायचं. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल साखरेइतकंच महत्त्वाचं, कारण डायबेटिसवाला बहुधा जातो तो हृदयाने.

राहिले पाय. बाबा दरवर्षी आळंदी ते सासवड दिंडीबरोबर चालतात, पूर्वी अनवाणी. मज्जातंतू मेले की तळव्याला चटका कळत नाही, टोचलेलं कळत नाही. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून फोड आलेले आणि संध्याकाळी मोजा ओला लागला म्हणून लक्षात आलेले लोक असतात. आता आई रोज रात्री टॉर्च घेऊन त्यांचे तळवे बघते, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. बाबा म्हणतात, काय ही पायाची पूजा. गेल्या महिन्यात तिला टाचेत बाभळीचा काटा सापडला, चपलेच्या तळातून आरपार आलेला. ते दिवसभर त्यावर चालत होते.